आधी मराठीत दाखवा, मग मतं मागा

वेंगुर्ल्यातल्या आपल्या चित्रपट मंडळाची कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

वार्षिक सभेच्या सूचनेसोबत आलेला ठराव वाचला. ‘जागतिक समांतर सिनेमातला सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक’ सभासदांनी मतदानाने ठरवायचा, आणि जो निवडून येईल त्याचे पाच सिनेमे पावसाळा सरला की वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवायचे. सोबत नावांची यादी. माझा या ठरावाला विरोध आहे. सभेत बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि त्यातलं एक माइक सुरू करण्यात जातं, म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलंय, कारण माझं म्हणणं मंडळाचे सभासद नसलेल्यांच्या वतीने आहे. त्यांनाही ते वाचता यावं.

वादाला माझी ना नाही. चहाच्या टपरीपासून मासळी बाजारापर्यंत आपल्यातले पाच-सहा जण सत्यजित राय मोठे की ऋत्विक घटक यावर भांडतात, याचं मला कौतुकच आहे. रशियाच्या तारकोव्हस्कीवाल्यांचा एक गट, इराणच्या किआरोस्तमीवाल्यांचा दुसरा. एक जण हंगेरीच्या बेला तारच्या ‘सातांतांगो’चे सात तास अशा थाटात सांगतो की जणू पायी पंढरपूरला जाऊन आलाय. मणि कौलांची बाजू घेणारा एकच आहे, पण तो एकटा बाकीच्यांना पुरून उरतो. हे सगळं चालू राहू दे.

मत मलाही आहे. विचारलंत तर घटक. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) मध्ये नीताच्या चपलेचा पट्टा तुटतो आणि ती तशीच पाय ओढत चालत राहते. सगळं घर तिच्या पगारावर जगतं, आणि तिला स्वतःला नवी चपल घेणं होत नाही. पुढे तिच्या मनावर घाव बसतो तेव्हा घटक मागून चाबकाचा आवाज लावतात. आपले एक ज्येष्ठ सभासद याला ‘भडक’ म्हणतात. भडक आहेच. फाळणीत घरदार गमावलेल्या माणसाने संयम पाळावा ही अपेक्षा कुणी आणि का करावी? तरीही रायांच्या ‘चारुलता’ची (१९६४) सुरुवात लागली की मी घटकांना विसरते. दुपारचं रिकामं मोठं घर, चारू या खिडकीतून त्या खिडकीत जाते, दुर्बिणीसारखं भिंग डोळ्याला लावून फळ्यांच्या फटीतून रस्त्यावरची माणसं बघते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या समोरून निघून जातो, त्याचं लक्षही नसतं. ती तेच भिंग उचलते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. संवाद जवळजवळ नाहीच. सगळा संसार कळतो.

आता मुद्दा. मागच्या बैठकीत कार्यकारिणीतल्या एकांनी सांगितलं, की महोत्सव सभासदांपुरताच ठेवावा, कारण “आपल्याकडचा प्रेक्षक संथ सिनेमाला बसत नाही”. इतिवृत्तात ते तसंच नोंदवलंय. हे वाक्य मी विसरायला तयार नाही.

ज्या मुलखात माणसं जत्रेला रात्रभर धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघतात, तिथे हे बोलायचं? देवाची पालखी देवळाभोवती फिरून येते, तोवर रात्र बरीच झालेली असते. मग आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग. गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर हसवून जातो. आख्यान खरं रंगायला लागतं तेव्हा निम्म्या जगाची झोप पुरी होत आलेली असते. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, बस्स. नट त्यावर बसला की ती राजसभा, त्यावर चढला की डोंगर, एक फेरी मारून आला की अरण्य. हार्मोनियम आणि मृदंगाच्या साथीवर एकेक पद असं लांबतं की पुढ्यातलं खाजं संपतं, पद संपत नाही. लिहिलेली संहिता नाही. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की शब्दाला शब्द लागून पाऊण तास युक्तिवादच चालतो. बायका, पोरं, म्हातारे थंडीत घोंगड्या गुंडाळून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसतात. रिकाम्या रंगमंचावर डोळ्यांनी अरण्य उभं करणाऱ्या या माणसांना फ्रान्सच्या ब्रेसाँचा सिनेमा जड जाईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जत्रेत पुढे बसून मागे वळून बघावं.

माणसं आपल्या खेळांना येत नाहीत हे खरंच आहे. त्याचं कारण पडद्याच्या तळाशी असतं. सिनेमा फारसी असो, जपानी असो, नाही तर शेजारच्या बंगालातला, खालच्या ओळी इंग्रजीत.

आठवतं का, आपण ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ दाखवला होता? किआरोस्तमीचा, १९८७ चा. सभासदांनी घरच्यांना आणावं असं ठरल्यामुळे त्या दिवशी आमच्या वाडीतल्या चौघीजणी माझ्याबरोबर आल्या होत्या. अहमद नावाच्या मुलाकडे चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मास्तर त्या मित्राला शाळेतून काढणार. मित्र राहतो डोंगरापलीकडच्या गावात. वही पोचवायला अहमद धावत सुटतो, एवढीच गोष्ट. पहिली पाच मिनिटं चौघी गप्प होत्या, मग मी मागच्या रांगेत बसून त्यांना हळू आवाजात मराठीत सांगायला लागले. आई अहमदचं ऐकूनच घेत नाही, एक काम संपलं की दुसरं सांगते, बाळाला बघ, पाव आण. हे सांगावंही लागलं नाही, त्या आधीच हसल्या. डोंगरावरची ती नागमोडी वाट आली तेव्हा एकीने आपल्या पाखाडीचं नाव घेतलं. मग आजोबांचा प्रसंग. आजोबा सांगतात, माझा बाप मला दर आठवड्याला पैसा द्यायचा आणि पंधरवड्याला मार द्यायचा. पैसा द्यायला तो कधीमधी विसरे, मार द्यायला कधी विसरला नाही. हे मी मराठीत सांगितलं आणि आमची रांग अशी हसली की पुढून दोन सभासदांनी मागे वळून ‘शू’ केलं.

ते दोघे इंग्रजी ओळी वाचण्यात गढले होते. आमची रांग सिनेमा बघत होती. अहमद अंधारात त्या म्हाताऱ्या सुताराच्या मागून चालतो, म्हातारा आपल्याच चालीने चाललेला, पोराचा जीव वर-खाली, तेव्हा एकीच्या तोंडून निघालंच, “त्या झिलाक कोण धड वाट दाखवणा नाय गो!” शेवटी वहीत ते दाबलेलं फूल दिसतं. त्यावर आमची रांग काही बोलली नाही. मीही काही सांगितलं नाही.

खेळानंतर चर्चा झाली. त्यात ‘मिनिमलिझम’ होतं, ‘निओरिअलिझम’ होतं, इराणची सेन्सॉरशिप होती. आमच्या रांगेला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या खेळाला त्या आल्या नाहीत, आणि त्यावरून निष्कर्ष निघाला की प्रेक्षक संथ सिनेमाला बसत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. मतपत्रिका, स्मरणिका आणि विजेत्याच्या फ्लेक्सवर जो खर्च धरलाय तो आणि आपल्या जिभांना जो वेळ आहे तो, दोन्ही मराठी उपशीर्षकांवर लावा. वर्षाला चार सिनेमे. पाच नकोत, चारच.

हे आवाक्याबाहेरचं काम नाही. उपशीर्षकांची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ओळीचा क्रमांक, ती कधी दिसावी आणि कधी जावी याची वेळ, आणि खाली ओळ. इंग्रजी फाइल हाताशी असली की वेळा तयारच असतात, त्यांना हात लावायचा नाही, फक्त मजकूर बदलायचा. नोटपॅडवर होतं. सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडलं नाही तर पडद्यावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं नाही तर भलतीच चिन्हं येतात, आणि काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात, म्हणून खेळाच्या आधी एकदा आपल्याच लॅपटॉपवर आणि आपल्याच प्रोजेक्टरवर चालवून बघायचं. खरी मेहनत निराळी आहे. पडद्यावर ओळ दोन-तीन सेकंद राहते. बोललेलं सगळं तेवढ्यात मावत नाही, आणि आपला प्रेक्षक पेपर वाचणारा असला तरी धावत वाचणारा नाही. त्यामुळे दोन छोट्या ओळींच्या वर जायचं नाही, वाक्य मोडायचं ते श्वास जिथे मोडतो तिथे, आणि पडद्यावर जे दिसतंच आहे ते लिहायचं नाही. त्या आजोबांचं बोलणं इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केलं तर तीन ओळी होतात आणि कुणी हसत नाही. मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली आहे, मुलांचं पाल्हाळ कापण्याचा सराव आहे. एक सिनेमा मी घेते. बाकीचे तुम्ही घ्या. आणि ज्यांना वाचताच येत नाही किंवा डोळे अधू आहेत त्यांच्यासाठी कुणीतरी बाजूला बसून सांगावं, उघडपणे, ‘शू’ न ऐकता.

प्रदर्शनाच्या परवानग्या नेहमीप्रमाणे रीतसर घ्यायच्या, त्यात काटकसर नको.

असं कुठे झालंय का, असं विचारणारच तुम्ही. आपल्या किनाऱ्यावरून घाट चढून गेलं की कर्नाटकात सागरजवळ हेग्गोडू नावाचं गाव आहे. सुपारीच्या बागा, थोडी भातशेती, आपल्यासारखंच. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम्’ या नाट्यसंस्थेने नाटकाबरोबर फिल्म सोसायटीही चालवली, शेतकऱ्यांना राय आणि कुरोसावा दाखवले आणि त्यावरची चर्चा कन्नडमध्ये केली. सिनेमा कसा बघावा यावर त्यांनी कन्नडमध्ये लिहून-छापून दिलं. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण ते सोडा. सुपारी सोलणाऱ्या माणसाला कुरोसावाचा ‘राशोमोन’ कळणार नाही असं तिथे कुणी गृहीत धरलं नाही, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. आणखी दक्षिणेला केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाच्या मंडळींनी गावोगाव फिरून, लोकांकडून पैसे गोळा करून ‘अम्मा अरियान’ (१९८६) काढला. आपल्याला सिनेमा काढायचाही नाहीये. फक्त दाखवायचाय.

कोणते चार, यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे. पण कसोटी आपली हवी. माझा पहिला जपानच्या ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा. ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावातले म्हातारा-म्हातारी आगगाडीने टोकियोला मुलांकडे जातात. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते, दोघांनाही वेळ नाही. दोघे मिळून आई-बापाला समुद्रावरच्या हॉटेलात पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. परत येतात तर झोपायला जागा नाही. वेळ काढते ती विधवा सून नोरिको, जिच्याशी रक्ताचं नातंच नाही. याला आपल्याकडे प्रस्तावना लागेल? प्रत्येक घरातलं कुणीतरी दिवाळीनंतर डोंबिवलीला नाही तर विरारला चाकरमान्यांकडे जाऊन, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी कोकण रेल्वेने परत आलेलं आहे. आल्यावर विचारलं तर म्हणतात, “बरी हत सगळी.” ओझूची म्हातारीही परतीच्या वाटेवर हेच म्हणते, आपण नशीबवान आहोत.

दुसरा केरळच्या अदूर गोपालकृष्णनांचा ‘एलिप्पत्तायम’ (१९८१). मोडकळीला आलेला जमीनदारी वाडा, त्यात उन्नी नावाचा माणूस. जमीनदारी गेली, ऐट गेली नाही. अंगणात गाय शिरली तरी स्वतः उठणार नाही, बहिणीला हाक मारणार. वाटेत डबकं लागलं तर पुढे जाणार नाही, माघारी फिरणार. धाकटी बहीण पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नेऊन तळ्यात बुडवते, ते आपण पुन्हा पुन्हा बघतो. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत नेला आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, हे आपण भाषणांतून ऐकतो. कायद्यानंतर त्या माजघरात माणूस कसा बसून राहिला असेल ते अदूर दाखवतात. आपल्या पंचक्रोशीत दोन-तीन उन्नी मला माहीत आहेत. नावं घेत नाही, एकजण आपले सभासद आहेत.

तिसऱ्या नावावर तुम्ही दचकणार. बेल्जियमची दिग्दर्शिका शांताल अकेरमान, ‘झान दिएलमान’, १९७५. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’, पुढची पाच दशकं ‘सिटिझन केन’, २०१२ ला ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये, दीड हजाराहून जास्त लोकांची मतं मोजल्यावर, हा सिनेमा पहिला आला. आता आपली यादी काढून बघा. एकही बाई नाही. अकेरमान नाही, आग्नेस वार्दा नाही. तुम्ही मतदान घेतलंत तरी हिला मत पडायला जागाच ठेवलेली नाही.

सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा. ब्रुसेल्समधली एक विधवा, एक मुलगा, तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, दिवे घालवते, पलंग नीट करते. दुपारी घरी गिऱ्हाईक घेते, त्यावर घर चालतं. (हे कळल्यावर कार्यकारिणी काय म्हणेल ते मला माहीत आहे. बेनेगलांचा ‘भूमिका’ दाखवतानाही म्हणाली होती.) दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती पातेलं हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरते, टाकायचं कुठे ते सुचत नाही. इथून पुढे काहीतरी विपरीत होणार हे चित्रपट-अभ्यासकाला शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. चाळीस वर्षं घड्याळाच्या आधी उठून पेज रटरटत ठेवलेल्या बाईला ते त्या पातेल्यापाशीच कळेल. शिवाय संवाद इतके कमी की उपशीर्षकांचं काम दोन दिवसांत उरकेल. हा सिनेमा मी घेते म्हटलं तर सोपं काम घेतलं म्हणाल, म्हणून मी ‘टोकियो स्टोरी’ घेते.

चौथा मराठीच असू दे, आणि इथे मला खरा राग आहे. यादीत बर्गमन आहेत, ब्रेसाँ आहेत, सुमित्रा भावे नाहीत. सुनील सुकथनकरांसोबत त्यांनी ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ केले, आणि ‘कासव’ (२०१६), ज्याला सुवर्णकमळ मिळालं. मन मोडून पडलेला एक मुलगा आणि अंडी घालून समुद्रात निघून जाणारी कासवीण, आपल्याच किनाऱ्यावर. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीला मिळालाय पाचदा: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. यातले तीन कोकणातले. श्याम दापोलीजवळच्या पालगडचा. ‘श्वास’मधले आजोबा डोळे जाणार असलेल्या नातवाला घेऊन कोकणातूनच शहरात जातात. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ही इथलाच, त्याला २०१४ मध्ये बर्लिनला मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं. एवढं असून यादीत एकही मराठी नाव नाही. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीवर श्याम बेनेगलांनी ती आंध्रात नेऊन हिंदी आणि तेलुगूत सिनेमा केला, तोही आपण अजून दाखवलेला नाही. बेनेगल डिसेंबर २०२४ मध्ये गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या पोस्ट मात्र पुष्कळ फिरल्या.

तर ठरावाला माझी दुरुस्ती अशी. मतदान एक वर्ष पुढे ढकलावं. ज्याला जो दिग्दर्शक थोर वाटतो त्याने त्याचा एक सिनेमा घ्यावा, त्याची मराठी फाइल स्वतः करावी किंवा करवून घ्यावी, आणि खेळाच्या आधी पाच मिनिटं, माइक लागो न लागो, त्यातल्या एका दृश्याबद्दल बोलावं. पुरस्कारांबद्दल नाही, चरित्राबद्दल नाही. खेळ सर्वांना खुला. पहिला खेळ जत्रांच्या आधी, म्हणजे कार्तिकात कामं उरकल्यावर, रात्री साडेआठला. दुपारी बायकांना जमत नाही हे कार्यकारिणीने एकदा लिहून ठेवावं. हॉलच्या खुर्च्या मोजक्याच आहेत, पुढे सतरंज्या घालाव्या. लाईट गेली तर म्हणून भाड्याच्या जनरेटरची तजवीज आधीच करावी, खेळाच्या दिवशी धावाधाव नको. खेळानंतरच्या चर्चेत पहिली दहा मिनिटं सभासदांनी बोलू नये.

दुरुस्तीला अनुमोदक लागतो. मणि कौलवाल्या मित्राने तोंडी होकार दिलाय, पण ‘दुविधा’ पाहिजेच या अटीवर. ‘दुविधा’ हिंदी असल्यामुळे फाइल करावी लागणार नाही, त्याच्या ते ध्यानात आलंय. त्याला पाचवा खेळ द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
एक सभासद आणि निवृत्त शिक्षिका,
वेंगुर्ले

ता. क. ‘टोकियो स्टोरी’च्या पहिल्या वीस मिनिटांची फाइल झाली आहे. म्हाताऱ्यांचं बोलणं प्रमाण मराठीत ठेवायचं की मालवणीत, यावर घरातच दोन तट पडलेत. दोन्ही करून बघितलंय. सभेनंतर थांबलात तर दोन्ही लावून दाखवते. लॅपटॉप मी आणते, केबल कार्यालयातली चालते का तेवढं आधी बघून ठेवा.